योनाचा राग आणि मामांचे तीन अध्याय

माझे मामा दरवर्षी बायबल संपवतात. 'संपवतात' हा शब्द त्यांचाच. हिशोब सोपा आहे. एकूण अध्याय 1189. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की आठवड्याचे तेवीस होतात, आणि बावन्न आठवड्यांत सगळं बायबल होऊन वर सात अध्यायांची सवड उरते. मामा नगर जिल्ह्यातल्या एका गावात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले. या सवडीला ते किरकोळ रजा म्हणतात.

मी उलट्या टोकाची. हा सगळा पावसाळा मी योनाचं पुस्तक वाचत होते. चार अध्याय, 48 वचनं. दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेले आणि हे बोलून बसले, तिथून आमची जुंपली. खाली दिलंय ते त्या दोन-तीन दिवसांतलं बोलणं, थोडं सलग केलेलं. मामांनी ते वाचून पाहिलंय आणि दोन ठिकाणी आपली बाजू आणखी धारदार करून घेतली आहे.

मामा: पावसाळाभर योना? अगं, तो माशाच्या पोटात तीनच दिवस होता.

मी: आणि तुम्ही त्याला दहा मिनिटांत बाहेर काढता.

मामा: काढतो, कारण त्याच्या मागे मीखा उभा असतो. हे बघ, एकाच पानावर बसून राहण्यात मला एक धोका दिसतो. माणूस थांबतो कुठे? जिथे त्याला बरं वाटतं तिथे. तेविसावं स्तोत्र, करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय, डोंगरावरचं प्रवचन. लेवीयातल्या महारोगाच्या नियमांवर पावसाळाभर बसलेलं कोणी पाहिलंयस? गणनेतल्या वंशांच्या याद्यांवर? माझा नेम मला नको असलेल्या पानांवरूनही ओढत नेतो. शाळेत पोरांना आवडीचीच उदाहरणं सोडवू दिली असती, तर सगळी बेरजा करत बसली असती.

मी: ओढत नेतो हे मान्य. पण ओढत नेलेल्या माणसाला वाटेत काय दिसतं?

मामा: सगळं नाही दिसत. दरवर्षी थोडं थोडं दिसतं.

मी: रोजच्या वाचनाचं ज्याचं कोष्टक अजून जगभर चालतं, त्या रॉबर्ट मरे मॅक्चेनने ते 1842 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या आपल्या मंडळीसाठी केलं होतं. त्यानेच कोष्टकाच्या आधी त्याचे धोके लिहून ठेवलेत. वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला आपण फार धार्मिक आहोत असं वाटायला लागेल, डोळे फिरतील आणि मन दुसरीकडे असेल.

मामा: आणि एवढं लिहून कोष्टक दिलंच ना त्याने?

इथे मला गप्प बसावं लागलं. मामांचं गणित सुटलं की ते चष्मा काढून पुसतात. तो त्यांनी पुसला.

मी दुसऱ्या वाटेने गेले. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती मठांत हे सावकाश वाचन फार जुनं आहे. बाराव्या शतकात गीगो नावाच्या कार्थूसी मठाधिपतीने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी काही न करता देवापुढे असणं. त्याने उपमा जेवणाची दिली. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत त्याची चव लागते आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. पण हे त्याच्याही आधीचं. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठाचे नियम लिहिले, त्यांत हाताने काम करायचे तास ठरवले तसेच या वाचनाचेही ठरवले.

मामा: बेनेडिक्टचं मला सांगू नकोस. तुझं ते पुस्तक तू काल कॉटवर अर्धवट टाकून झोपलीस, मी रात्री पूर्ण वाचलं. अठ्ठेचाळिसावं प्रकरण. उपासकाळात प्रत्येक साधूला ग्रंथालयातून एकेक पुस्तक द्यायचं आणि त्याने ते पहिल्यापासून, क्रमाने, संपूर्ण वाचायचं. संपूर्ण! पुढे काय लिहिलंय? वाचनाच्या वेळात एक-दोन वडीलधाऱ्या साधूंनी फेरी मारायची आणि कोणी पुस्तक बाजूला ठेवून गप्पा मारत नाही ना, हे बघायचं. आमच्या शाळेत हेडमास्तर मारायचे तशी फेरी.

मी: क्रमाने आणि संपूर्ण, पण एकच पुस्तक. उपासकाळ चाळीस दिवसांचा असतो.

मामा: बरं, तेवढं तुझं.

आपल्याकडे या दोन्ही वाटा वारकऱ्यांच्याही ओळखीच्या आहेत. ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण होतं आणि त्याच सप्ताहात रात्री कीर्तनकार एका अभंगावर दोन तास उभा असतो. गावात दोन्हीला माणसं बसतात आणि कोणी कोणाला हलकं लेखत नाही. मी हे बोलले तेव्हा मामा म्हणाले, कीर्तनकाराला तो एक अभंग दोन तास पुरतो, कारण त्याच्या पोटात सगळी गाथा असते. हे वाक्य त्यांनी नंतर दोनदा वापरलं, इतकं त्यांना ते आवडलं.

मी नारायण वामन टिळकांचं नाव काढलं. टिळकांवाचून नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाद पुरा होत नाही.

मी: राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला. वाचायचा म्हणून ते वाचायला बसले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी अडकले. तिथून त्यांना पुढे जाववेना. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा झाला, त्याची सुरुवात त्या अडकण्यात होती. त्यांनी त्या दिवशी तीन अध्यायांचा नेम पाळला असता तर ते सातव्या अध्यायात पोचले असते. बस्स.

मामा: टिळक कवी होते. शिवाय पाचव्यात अडकायला आधी पहिले चार वाचावेच लागले. त्यात मत्तयाने वंशावळ घातलीय बेचाळीस पिढ्यांची. तुझ्यासारखं असतं तर तिथेच कंटाळून पुस्तक खिडकीतून बाहेर गेलं असतं.

मी: मग पंडिता रमाबाई? केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. संस्कृत त्यांना लहानपणापासून येत होतं, हिब्रू आणि ग्रीक त्या यासाठी शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळावं असं मराठी हवं म्हणून वर्षानुवर्षं एकेका वचनाशी बसल्या. छपाईही तिथेच, मिशनमधल्या बायकांच्या हातून. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते बायबल बाहेर आलं. भाषांतर करणाऱ्याइतकं सावकाश कोणी वाचत नाही.

मामा: आणि भाषांतर करणाऱ्याला लेवीय गाळता येत नाही.

खरं सांगायचं तर रमाबाईंनी आम्हा दोघांनाही हरवलं. सगळं वाचायचं आणि सगळंच सावकाश, हे ज्याला जमेल त्याने या वादात पडूच नये. आम्ही दोघांनी त्यांना मुकाट्याने बाजूला ठेवलं आणि योनाकडे वळलो.

मामा: सांग आता, पावसाळाभर काय सापडलं?

मी: आधी मला सांगा, योना पळाला का?

मामा: घाबरला. निनवे म्हणजे अश्शूरची राजधानी. अश्शूरी लोकांनी इस्राएलाचं उत्तरेचं राज्य धुळीला मिळवलं, इ.स.पू. 722. अशा शहरात जाऊन 'तुमचा नाश होणार' म्हणून ओरडायचं, तर कोण घाबरणार नाही?

मी: पहिल्या अध्यायात 'घाबरला' कुठे लिहिलंय?

मामांनी पुस्तक उघडलं. चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

मामा: नाही लिहिलेलं.

मी: कारणच दिलेलं नाही. उठला, यापोला गेला, तार्शीशला जाणाऱ्या जहाजाचं भाडं भरलं. भाडं भरलं हे लिहिलंय, कारण नाही लिहिलं. ती मोकळी जागा आपण भरतो. मला संडे स्कूलमध्ये 'घाबरला' असंच शिकवलं होतं आणि मी तेच वाचत आले. कारण थेट चौथ्या अध्यायात येतं, तेही योनाच्या तोंडून, चिडून. तो देवाला म्हणतो की मला हे ठाऊकच होतं. तू दयाळू आहेस, तू शेवटी यांना सोडून देशील, म्हणून तर मी पळालो. निनवेचे लोक आपल्याला मारतील ही त्याची भीती नव्हती. देव त्यांना क्षमा करील ही भीती होती.

मामा काही बोलले नाहीत, म्हणून मी पुढे रेटलं. जहाजावरचे खलाशी परधर्मी, जो तो आपापल्या देवाचा धावा करतोय, आणि एकटा संदेष्टा तळाशी गाढ झोपलाय. त्याला उठवून 'प्रार्थना कर' असं तांडेल सांगतो. योना म्हणतो, मला समुद्रात टाका म्हणजे वादळ थांबेल. तरी ते लगेच टाकत नाहीत. आधी वल्ही मारून किनारा गाठायची धडपड करतात. एका अनोळखी माणसाचा जीव वाचावा म्हणून. भरभर वाचताना ही वल्ही हातून सुटतात, कारण आपलं लक्ष पुढच्या माशाकडे असतं. पुढे निनवे. एका ओळीचं प्रवचन, आणि राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. माणसांबरोबर गुराढोरांनाही गोणताट नेसवतात. कुठल्याच संदेष्ट्याचं कोणी एवढं ऐकलं नव्हतं. आणि योना? शहराच्या पूर्वेला मांडव घालून बसलाय, आता काय होतंय ते बघत. देव तिथे एक वेल उगवतो, सावलीसाठी. योनाला अतिशय आनंद होतो. अख्ख्या पुस्तकात तो इथे एकदाच आनंदी दिसतो. एक शहर वाचल्याचा नाही, वेलीचा.

मामा: सकाळी कीड लागते, वेल वाळते, गरम वारा सुटतो, तो मरण मागतो.

मी: तेही दुसऱ्यांदा. मग देव विचारतो की तुला एका रात्रीत आलेल्या वेलीचा कळवळा आला, तर उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजार माणसं ज्या शहरात आहेत त्याचा कळवळा मला येऊ नये? शिवाय तिथे गुरंढोरंही आहेत. पुस्तक इथेच संपतं. योनाचं उत्तर नाही.

मामा: हे सगळं चांगलं आहे. निबंधाला चांगलं आहे. पण तू याला देवाचा आवाज म्हणतेस. तो देवाचा कशावरून? तुझ्याच मनाचा कशावरून नाही? मी कमिटीवर होतो, मी माणसं पाहिलीत. सकाळी मनन करून यायची आणि 'प्रभूने मला दाखवलं' म्हणून आपल्याला हवा तोच ठराव मांडायची.

मी: माझी एक कसोटी आहे. जे सापडतं ते मला अडचणीत आणणारं आहे का?

मामा: मग सांग. योनाने तुला कुठल्या अडचणीत आणलं?

हा प्रश्न यायला नको होता, आणि यायलाच हवा होता. मंडळीच्या मुलींच्या वसतिगृहाची एक जागा होती. बऱ्याच वर्षांपूर्वी तेव्हाच्या विश्वस्तांपैकी एकाने पुढाकार घेऊन ती विकली. मामा आणि आणखी चौघे कोर्टात गेले, पैसे घातले, आणि हरले. परवाच्या उन्हाळ्यात तो माणूस एका रविवारी उपासनेत उभा राहिला आणि सगळ्यांसमोर त्याने माफी मागितली. रडला. लोकांनी त्याला जवळ घेतलं. मामा उठले, चपला घातल्या आणि प्रभुभोजनाच्या आधी घरी निघून गेले. तेव्हापासून तो देवळात असला की मामा प्रभुभोजन घेत नाहीत.

मी: योना वाचताना मला तुम्ही दिसत राहिलात, मामा. शहराच्या पूर्वेला मांडव घालून बसलेले.

मामा: छान. पावसाळाभर वाचलंस आणि सापडलं काय, तर माझं पाप. हीच का तुझी कसोटी? अडचण तुझी व्हायला हवी होती ना? ही तर फारच सोयीची अडचण झाली. अगं, मीही तेच सांगत होतो. थांबून वाचणाऱ्याला पानात आपला शत्रू दिसतो, नाहीतर मामा.

या घावाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही अर्धंच आहे: आरशात दुसऱ्याचा चेहरा आधी दिसला म्हणून आरसा खोटा ठरत नाही. पण मामा थांबले नव्हते.

मामा: आणि ऐक. त्याने माफी मागितली, जागा परत दिली नाही. जक्कय झाडावरून उतरला तेव्हा तोंडी माफी मागून थांबला का? लूक एकोणीस. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. त्या मुली आज कुठे राहतात ते तुला माहीत आहे? गावातल्या मुलींनी शिक्षण सोडलं. त्यांच्या वतीने मी का क्षमा करू?

मी: निनवेनेही लुटलेलं परत दिल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

मामा: बरोबर. म्हणून मी तुला विचारतो, नहूम वाचलास का?

नहूम मी वाचला नव्हता. म्हणजे कधीतरी लहानपणी वाचला असेल.

मामा: तेच. योनाच्या पुढे मीखा, मीखाच्या पुढे नहूम. तीनच अध्याय, माझा एका दिवसाचा नेम. आणि अख्खा नहूम निनवेवर आहे. पण त्यात निनवे वाचत नाही, पडते. आणि ती पडल्याची बातमी ऐकून लोक टाळ्या वाजवतात. इ.स.पू. 612 मध्ये खरोखरच पडली. तोही शेवटी प्रश्नावरच संपतो: तुझा जुलूम कोणाला सोसावा लागला नाही? योना विचारतो शत्रूवर दया करावी की नाही. नहूम विचारतो तुझ्या हातून कोण सुटलं. बायबलात दोन्ही आहेत. तू योनापाशी थांबलीस म्हणून तुला अर्धंच बायबल दिसलं. शिवाय राजेचं दुसरं पुस्तक, चौदावा अध्याय. हाच योना, गथ-हेफेरचा, दुसऱ्या यराबामाच्या काळात राज्याची सीमा वाढेल असं भविष्य सांगतो आणि ती वाढते. म्हणजे तो देशभक्त संदेष्टा होता, शत्रूचा राग त्याच्या हाडात होता. हे तुला योनाच्या 48 वचनांत सापडणार नव्हतं.

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि ते कळल्यावर चौथ्या अध्यायातला योना मला आणखी खरा वाटायला लागला, हे मी मामांना सांगितलं. ते ऐकून ते खूश झाले, पण त्यांना अजून एक पान उघडायचं होतं. निर्गम, चौतिसावा अध्याय. सोन्याच्या वासराचं प्रकरण होऊन गेल्यावर देव मोशेसमोरून जातो आणि आपण कोण ते स्वतः सांगतो. त्यात दोन बाजू आहेत. मी दयाळू, मंदक्रोध, क्षमा करणारा. आणि दोषी माणसाला मी असाच सोडून देणारा नाही.

मामा: आता बघ. योना चौथ्या अध्यायात देवावर चिडतो तेव्हा यातली पहिली बाजू म्हणतो. नहूम पहिल्या अध्यायात सुरुवात करतो तेव्हा मंदक्रोध म्हणून लगेच दुसरी बाजू म्हणतो. एकच उतारा आहे, दोघांनी दोन टोकं धरलीत. हे तीन ठिकाणांत विखुरलेलं आहे. एका ठिकाणी बसून राहणाऱ्याला कसं दिसेल?

मी: मामा, तुम्ही तिन्ही ठिकाणं दरवर्षी वाचता. ती एकमेकांशेजारी ठेवून पहिल्यांदा कधी पाहिलीत?

मामा: निकाल लागला त्या वर्षी.

मी: कोर्टाचा?

मामा: हं. निकालानंतरच्या सकाळी नेमाप्रमाणे नहूम आला. तीन अध्याय वाचले आणि पुढे जाववलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मागे गेलो, योनाकडे, निर्गमाकडे. त्या वर्षी मलाखीपर्यंत पोचलो नाही.

मी: म्हणजे तुम्ही बायबल संपवलं नाहीत.

मामा: एकच वर्ष. आणि हसू नकोस. थांबायला कारण लागतं, एवढंच म्हणणं आहे माझं. तू कारणाशिवाय थांबतेस.

मी: कारण आल्यावर थांबता यावं म्हणून आधी थांबायची सवय लागते, असंही असेल. तुम्ही त्या वर्षी नहूमाशी थांबलात. योनाशी किती थांबलात?

मामा: येऊन-जाऊन.

मी: मग एक करार करू. मी जानेवारीपासून तुमचा नेम धरते, लेवीय न गाळता. तुम्ही तोवर योनाचा चौथा अध्याय वाचा. अकरा वचनं. रोज तीच.

मामा: लेवीय गाळणार नाहीस?

मी: महारोगाच्या नियमांसकट.

मामा: बरं.

मी: आणि पुढच्या प्रभुभोजनाला बसणार?

मामा: योनाने देवाला उत्तर दिलं का?

मी: पुस्तकात नाही.

मामा: मग मला का घाई करतेस? तूच म्हणतेस ना, सावकाश.